जांभळाची डहाळी

अंबादासनं घडी घातलेला ट्रेसिंगचा कागद माझ्या गुडघ्यावर उलगडला आणि म्हणाला, “ओळख.”

आम्ही नाल्याच्या काठावर जांभळाखाली बसलो होतो. मे १९८८, व्याघ्रगणनेचा पहिला दिवस, सकाळचे नऊ. अंबादास लांजेवार सात नंबरच्या बीटाचा, म्हणजे गस्तीच्या हद्दीचा, वनरक्षक; मी, पुंडलिक सोनकुसरे, आठ नंबरचा. क्वार्टरकडून येणारी वाट या नाल्यापाशी फुटायची. डावी त्याच्या बीटात जायची, उजवी माझ्या. सकाळी आपापली वाट चालायची, धुळीत वाघाचा ठसा दिसला की त्यावर काच ठेवून पेनानं तो उतरवायचा, मग कागदावर घ्यायचा आणि नऊ वाजता इथे भेटून दोघांचे कागद ताडून बघायचे. एकच वाघ दोनदा मोजला जाऊ नये म्हणून.

मी कागद बघितला. वाघाचा पंजा नव्हता. आडव्या रेघांचा, टाचेला बाहेरच्या बाजूनं झिजलेला बुटाचा तळ होता.

“डावा पाय,” अंबादास म्हणाला. “मागच्या आंगणात मी धूळ चाळून टाकली होती. तीन दिवस सकाळी पाह्यलं. तिन्ही दिवस हेच जनावर. येतानाचा ठसा उथळ, जातानाचा खोल. म्हंजे जाताना घाईत होतं.”

कागदावर खाली, सरकारी फॉर्मात असतात तशा ओळी त्यानं आखल्या होत्या आणि भरल्याही होत्या. ठिकाण: लांजेवार यांचे मागील अंगण. लिंग: नर. पिल्ले: निरंक.

त्याला आणि द्वारकाला मूल नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती.

“अंबादासभाऊ,” मी म्हणालो.

“घाबरू नको. मी तुले मारत नाई. तिलेही हात लावला नाई, विचार तिले.” त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “आजपासून संध्याकाळी तू आमच्या घरी जेवायचं. सात वाजता. रोज.”

“काहून?”

“मले पाहायचं हाय,” तो म्हणाला.

कसं सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. दोन क्वार्टर, मधे एक काटेरी कुंपण आणि अंबादास महिन्यातले पंधरा दिवस गस्तीवर. मी एकोणतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. द्वारका सव्वीस. ती पवनीकडची, सातवी शिकलेली, फार कमी बोलणारी. जवळचं गाव चार किलोमीटरवर होतं, तेही दुसऱ्या अंगाला. तिथे आम्ही तिघंच होतो आणि तिच्या चार शेळ्या.

त्या संध्याकाळी मी गेलो. अंबादासनं दोन पाट समोरासमोर मांडले होते. एकावर मला बसवलं. दुसऱ्यावर तो बसला नाही, द्वारकाला बसवलं. स्वतः दाराच्या उंबऱ्यावर बसून विडी ओढत राहिला.

“आधी त्याले वाढ,” तो तिला म्हणाला. “पाहुणा हाय. हातानं वाढ, पळी कशाले?”

तिनं हातानं भात वाढला.

“आता दोघं जेवा. मी पाहतो.”

“तुम्ही?” तिनं विचारलं.

“माझं पोट भरते असं पाहून.”

आम्ही जेवलो. मी तीन घास खाल्ले की तो अजून भात वाढायला सांगायचा. मला नको असायचं आणि मी खायचो. शेवटी त्यानं विडी विझवली आणि एखादी साधी बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, “फारकत मागू नका. मी देणार नाई. बदलीही मागणार नाई. मले निवृत्तीले चोवीस वर्षं हायेत, पुंडलिकले आणखी जास्त. तोवर तिघंही इथंच. रोज असंच जेवण.”

द्वारकानं माझं ताट उचललं. तिचा चेहरा जसा होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर तिनं मला गाठलं. अंबादास बीटात होता.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“कुठंबी. आज साडेचारची एस्टी हाय.”

“गणना शनिवारी संपते,” मी म्हणालो. “मधेच गेलो तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर खायचं काय आपण?”

ती पंप मारत राहिली. हंडा भरला. “शनिवारी संपली का काही तरी दुसरं निघंल,” ती म्हणाली आणि हंडा उचलला.

“नाही निघणार.”

“निघंल. तुझं मी वरसभर पाहून रायली.”

तिसऱ्या दिवशीच्या जेवणात अंबादास खुशीत होता. त्याला त्याच्या बीटात वाघिणीचे जुने ठसे मिळाले होते, सोबत दोन पिल्लांचे.

“एवढीशी,” त्यानं तळहात उघडून दाखवला. “तीन महिन्यांची असतीन. अशी वाघीण पायवाटेवर भेटली तर माणूस उरत नाई. भात वाढ त्याले, द्वारका. मी काय म्हणत होतो? हां. माझ्या वाटेवर ती भेटली मले, तर बरं कोणाचं होईल? तुझं का पुंडलिकचं?”

“आधी जेवू द्या त्यायले,” द्वारका म्हणाली.

“जेवू दे, जेवू दे. पण तसं होत नाई. पुंडलिक माझ्या आधी निघते. त्याले ताजा ठसा दिसला का तो डहाळी टाकल्याशिवाय पुढं जात नाई. भला माणूस हाय तो.” माझ्याकडे बघून हसला. “हाय का नाई गा?”

मी म्हणालो, “हो.”

डहाळीचं असं होतं. ठसा उतरवला की तो पुसून टाकायचा, हा खात्याचा नियम. नाही पुसला तर दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा मोजला जायचा. पण पुसला की मागून येणाऱ्याला पुढे काय आहे हे कळायला मार्ग राहायचा नाही. म्हणून आमच्या रेंजमधे, कुठेही लिहिलेली नसलेली एक रीत होती. पिल्लांची वाघीण किंवा जखमी जनावर नुकतंच गेलं असेल, तर ठसा पुसणाऱ्यानं त्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागच्यानं ती बघून परत फिरायचं आणि चार माणसं, डबे, ढोल घेऊन यायचं. रेंजमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. वनरक्षकांच्या बायकांनाही.

चौथा दिवस गुरुवार. माझं बीट लांब, म्हणून मी पाचला निघायचो. अंबादास साडेसहाला. सव्वापाचला मी नाल्यापाशी पोचलो तेव्हा पायाखालचं दिसू लागलं होतं.

वाघीण नाल्यातून वर आली होती. धुळीत चारही पाय स्वच्छ उठले होते. कडा ढासळल्या नव्हत्या. एकाही ठशावरून मुंगी गेली नव्हती. मागे लहान पंजे, दोन जोड्या. वाट फुटते तिथे ती डावीकडे वळली होती, अंबादासच्या बीटात, बांबूच्या दाट बेटाकडे. अर्धा तास झाला असेल किंवा तेवढाही नाही.

मी काच ठेवली. मागचा डावा पाय उतरवला, वेळ लिहिली. मग पळसाच्या पानांच्या झाडणीनं सगळे ठसे पुसले. वाट कोरी झाली.

उभा राहिलो. मला सगळं दिसत होतं. मला काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त उजवीकडे वळायचं होतं. घड्याळात पाच छत्तीस झाले होते. तीन-चार मिनिटं मी तसाच उभा होतो.

मग कोयत्यानं जांभळाची एक डहाळी तिरकी तोडली, हाताएवढी, भरपूर पानांची. डाव्या वाटेवर आडवी टाकली आणि उजवीकडे निघालो.

परत जाऊन सांगावं हेही मनात आलं होतं. क्वार्टर पंधरा मिनिटांवर होतं. पण गेलो असतो तर अंबादासनं दारात, द्वारकासमोर विचारलं असतं, “मले वाचवायले आला का गा?” आणि मला हो म्हणावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी गेलो नाही.

नऊला परत आलो. अंबादास नव्हता. डहाळीही नव्हती. मला वाटलं, बघून परत फिरला आणि जाताना डहाळी झुडपात फेकली. पंधरा मिनिटं वाट बघितली, मग क्वार्टरवर आलो. वनपाल हटवार रोजचे फॉर्म न्यायला जीप घेऊन आले होते. द्वारका ओट्यावर तेंदूपानांचे पुडे बांधत होती. ती पहाटे नाल्याच्या अलीकडे पानं तोडायला जायची.

“अंबादासभाऊ कुठं?” मी विचारलं.

“गेले न. साडेसहाले,” ती म्हणाली. हात थांबला नाही.

“परत नाही आले?”

“नाई.”

हटवारांनी माझ्याकडे बघितलं. “काय झालं?”

“वाघीण आहे त्या वाटेवर. पिल्लांची. मी डहाळी टाकली होती.”

हटवार, जीपचा ड्रायव्हर, रस्त्याच्या कामावरचे चार मजूर आणि मी असे डबे बडवत आत शिरलो. नाल्यापासून चारशे पावलांवर तो सापडला, बांबूला टेकून बसलेला. वाघीण निघून गेली होती. तिनं त्याला खाल्लं नव्हतं, वाटेतून बाजूला केलं होतं. उजवा खांदा आणि मान उघडी पडली होती. पोटावर त्यानं स्वतःच शर्ट दाबून धरला होता.

तालुक्याचं रुग्णालय अडतीस किलोमीटर. जीपमधे मागे मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. हटवार पुढे, वळून बघत. द्वारका हटवारांच्या शेजारी, समोर बघत.

बारा-तेरा किलोमीटर गेल्यावर अंबादासनं डोळे उघडले.

“पुंडलिक.”

“बोलू नका भाऊ.”

“काहून नाई टाकली डहाळी?”

“टाकली होती.”

“मरणाऱ्यासंग खोटं नको बोलू.” त्याला धाप लागली होती. तो प्रत्येक शब्द वेगळा काढत होता. “मी वाट पाहून पाय टाकणारा माणूस हाओ. डहाळी असती तर दिसली असती. नव्हती.”

“टाकली होती भाऊ. जांभळाची.”

“ठसा पुसला, अन् डहाळी नाई.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “मले वाटे, तू भला माणूस. तुले रोज जेवू घातलं मी याच भरवशावर. तुझ्या जागी मी असतो तर टाकली असती.”

हटवार ऐकत होते. ड्रायव्हरही. द्वारका वळली नाही.

“द्वारका,” तो म्हणाला. तिनं मान अर्धी फिरवली. “पाहून घे याले नीट.”

आणखी दहा किलोमीटर तो जिवंत होता, पण बोलला नाही.

दुपारी मी हटवारांना नाल्यावर नेलं. झुडपं पालथी घातली. डहाळी कुठेच नव्हती. झाडावरची तिरकी चीर मी दाखवली, पांढरी, ताजी.

हटवारांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. “तोडली खरी,” ते म्हणाले. “पण कधी तोडली बाबा? सकाळी, का नऊला परत आल्यावर?”

“सकाळी.”

“मग ती गेली कुठं? माकडं नेत नाईत.”

मी पुन्हा झुडपात वाकून बघितलं. त्यांनी घाम पुसला आणि जरा सौम्यपणे म्हणाले, “पुंडलिक, तुमचं दोघांचं काय चाललं होतं ते मले माहीत हाय. साऱ्या रेंजले माहीत हाय. मी काही विचारत नाई. पण मले डहाळी दाखव.”

तीन दिवसांनी मला ती डहाळी दिसली. द्वारकाचे भाऊ आले होते, घरात माणसं होती. मी कुंपणाच्या माझ्या बाजूला उभा होतो. शेळ्यांच्या गोठ्यात, खुंट्याशी बांधलेली, एकही पान न राहिलेली एक फांदी होती. हाताएवढी. तळाशी तिरका काप. शेळ्यांनी सालही सोलून खाल्ली होती. आमच्या आवारात जांभूळ नव्हतं. जवळात जवळचं जांभूळ नाल्यावरचं.

तेंदूपानांच्या भाऱ्यात हाताएवढी डहाळी सहज लपते. द्वारका सव्वासहाच्या सुमाराला भारा घेऊन परत आली असणार. अंबादासनं तिला दारातून आत येताना बघितलं असणार. कदाचित भारा उतरवायला हातही लावला असेल. आणि मग तो निघाला.

मी कुंपण ओलांडलं, फांदी सोडवली आणि घरी नेऊन चुलीत घातली. ओली होती, फार वेळ धुमसली.

आठव्या दिवशी चौकशीला सहायक वनसंरक्षक आले. क्वार्टरसमोरच टेबल मांडलं. द्वारकाला खुर्ची दिली होती.

“तुम्ही त्या सकाळी नाल्याकडे गेला होतात?”

“होय साहेब. पानं तोडायले.”

“वाट फुटते तिथपर्यंत?”

“होय.”

“वाटेवर डहाळी होती?”

तिनं माझ्याकडे बघितलं. घाबरलेली नव्हती, विनवतही नव्हती. मी काय करतो हे तिला बघायचं होतं.

“नव्हती साहेब,” ती म्हणाली.

मग माझी पाळी आली. साहेबांनी हटवारांचा जबाब वाचून दाखवला, मृताचे शेवटचे शब्द वाचून दाखवले. “तुमचं म्हणणं काय आहे, सोनकुसरे? डहाळी टाकली होती?”

मी म्हणालो, “नाही साहेब. विसरलो.”

“याआधी टाकली होती म्हणालात.”

“घाबरून म्हणालो.”

हटवारांनी मान खाली घातली. त्यांना बहुतेक माझ्याबद्दल थोडी आशा होती.

डहाळी न टाकणं हा कोणत्याही कायद्यात गुन्हा नव्हता. ठसा पुसणं तर नियमानुसारच होतं. आठ महिने निलंबन, दोन वेतनवाढी बंद, दुसऱ्या विभागात बदली, एवढ्यावर भागलं. माझ्या आईनं मात्र ती मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मित्राच्या बायकोसाठी त्यालाच वाघिणीच्या तोंडी दिलेला माणूस म्हणून पुढे मी जिथे जिथे गेलो, तिथे माझ्याआधी ही गोष्ट पोचलेली असायची.

द्वारका चौदाव्या दिवशी माहेरी जायला निघाली. भाऊ सामान घेऊन आदल्या दिवशी गेला होता. शेळ्या विकल्या होत्या. मी फाट्यावर गेलो. ती दगडावर बसली होती, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. अनुकंपा नोकरीचा अर्ज हटवारांनी भरून दिला होता.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. “फांदी मी जाळली,” म्हणालो.

“पाह्यलं मी. धूर दिसला.”

“साहेबांसमोर मी काय सांगितलं ते ऐकलंस.”

“ऐकलं.”

“वर्षभर थांबू. लोकांचं बोलणं कमी होईल. मग मी येतो पवनीला.”

“येऊ नको,” ती म्हणाली.

मला वाटलं, लोकांना घाबरते. तसं म्हणालो.

“लोकायले मी कधी भेली?” तिनं पिशवी बाजूला ठेवली. “पुंडलिक, तुनं डहाळी टाकली होती.”

“हो. मग?”

“मी तिथं गेली तवा ती वाटेवर होती. पानं अजून टवटवीत. मी उचलली, अन् हातात धरून उभी रायली. लय वेळ. मले वाटे, तू मागं येशीन. त्याले सांगाले येशीन. तू येताना दिसला असता तर मी ती होती तशी ठेवून देल्ली असती. देवाची शप्पथ.”

रस्त्यावर काहीच येत नव्हतं. ऊन चढलं होतं.

“अन् नसती टाकली?” मी विचारलं.

“तर मी समजली असती का तुले मी पायजे. तुझ्यासंग कुठंबी आली असती. त्या पापाची अर्धी वाटेकरी झाली असती.” तिचा आवाज चढला नाही. “तुनं दोन्ही नाई केलं. त्याले वाचवलं नाई, मारलंही नाई. वाटेवर एक फांदी टाकली अन् आपल्या कामाले निघून गेला. जे करायचं ते माझ्यावर सोडलं.”

“मी तुझ्यासाठी स्वतःवर घेतलं सगळं.”

“घेतलं. हात वर केले असते तर माझं नाव घ्या लागलं असतं. तुले ते जमलं नाई. हेबी तसंच.”

“म्हणजे कसं?”

“अर्धं,” ती म्हणाली.

वळणावर एस्टी दिसली. ती उठली, पदर नीट केला, पिशवी उचलली. तो मेला त्या दिवशी जीपमधे ती जशी समोर बघत बसली होती, तशीच आता रस्त्याकडे बघत होती. त्याच्याबरोबर सात वर्षं काढलेल्या बाईनं त्याला सव्वासहाला दारात बघितलं, तेव्हा तिला काय वाटलं, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

एस्टी थांबली. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

“कोणी विचारलं तर विसरलो म्हणूनच सांगत जा,” ती म्हणाली. “माझी नोकरी हाय त्यावर.”

तिला नोकरी मिळाली. विभागीय कार्यालयात शिपाई लागली, पुढे दहावी करून लिपिक झाली. दोनदा मी तिथे कामानिमित्त गेलो. दोन्ही वेळा तिनं माझा कागद घेतला, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. गेल्या वर्षी ती सेवानिवृत्त झाली, आता तिची पेन्शन पक्की आहे.

तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी विसरलो म्हणूनच सांगितलं.